आयर्लंडचा दरडोई जीडीपी जगात इतका वर असताना सामान्य डब्लिनकराला घरभाडं का परवडत नाही?

कारण त्या जीडीपीतला मोठा हिस्सा तिथल्या लोकांच्या खिशात जातच नाही, तो परदेशी कंपन्यांचा नफा असतो. २००३ पासून तिथे कंपनी कर साडेबारा टक्के होता. त्यामुळे अमेरिकन तंत्रज्ञान आणि औषध कंपन्यांनी आपला नफा, पेटंट, सॉफ्टवेअरचे हक्क असं बरंच काही आयर्लंडच्या खात्यावर आणलं. २०१५ साली तर जीडीपी एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढला, आणि ही वाढ मुख्यतः कागदोपत्री होती. डब्लिनमध्ये कोणाचा पगार त्या प्रमाणात वाढला नाही. शेवटी आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयालाच परदेशी कंपन्यांचा असा हिस्सा बराचसा वगळून 'सुधारित राष्ट्रीय उत्पन्न' हा वेगळा आकडा काढावा लागला. २०२३ मध्ये तो जीडीपीच्या ६० टक्क्यांच्या आसपासच होता. तुलना करायची तर हाच आकडा घ्या.

घरांचं दुखणं मात्र वेगळं आहे. २००८ च्या पडझडीत बांधकाम व्यवसाय कोलमडला आणि पुढे कित्येक वर्षं पुरेशी घरं बांधलीच गेली नाहीत. त्याच काळात डब्लिनमधल्या ग्रँड कॅनॉल डॉकच्या परिसरात मोठ्या कंपन्यांची कार्यालयं आणि चांगल्या पगाराची माणसं येत राहिली. शिक्षक, परिचारिका, बसचालक यांना त्यांच्याशीच स्पर्धा करून घर शोधावं लागतं. म्हणूनच तिशीतली कमावती मुलंही आईवडिलांकडेच राहताना दिसतात.

तरीही ही सगळी समृद्धी खोटी म्हणता येणार नाही. या कंपन्यांमधल्या नोकऱ्या खऱ्या आहेत आणि त्यांच्या करातून सरकारी तिजोरी खरोखरच भरते. २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना किमान १५ टक्के कर लागतो.