टोरंटोला यायच्या आधी टोरंटोचीच मुलाखत घे

तुझा मेल दोनदा वाचला. कोल्हापुरात एमएसडब्ल्यू, तीन वर्षं अपंगांच्या संस्थेत काम, स्वतः व्हीलचेअरवर, आणि आता जगभरातल्या अपंगांच्या हक्कांचं मॉनिटरिंग, म्हणजे ते हक्क प्रत्यक्षात मिळतात का यावर लक्ष ठेवणं, शिकायला टोरंटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीत यायचंय. नाही जमलं तर ऑस्ट्रेलिया. प्रश्न तीन: व्हिसाला चेअर आड येते का, तिथे एकटीनं राहणं झेपेल का, आणि या कामात पोट भरतं का. मी साताऱ्याची, पोलिओवाली, टोरंटोत अकरा वर्षं झाली. त्यामुळे ऐकीव काही सांगणार नाही.

आधी व्हिसा, कारण तिथेच तुला तुझ्या विषयाचा पहिला धडा मिळेल. ऑस्ट्रेलियानं 2008 मध्ये अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मंजूर केला, पण सोबत एक निवेदन जोडलं: परदेशी लोकांना आम्ही लावतो त्या आरोग्याच्या अटींना या करारानं बाधा येत नाही, अशी आमची समजूत आहे. त्यांच्या 1992 च्या अपंगभेदविरोधी कायद्यातूनही स्थलांतराचा कायदा वगळलेला आहे. म्हणजे पंगत सगळ्यांची, पण दारात वजनकाटा.

कॅनडाचा काटा निराळा. तुझ्या तब्येतीवर सरकारचा खर्च ठरावीक आकड्यापलीकडे जाईल असं वाटलं तर अर्ज नाकारता येतो. 2018 मध्ये ती मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षण, पुनर्वसन, घरी मदतनीस असे खर्च त्यातून काढून टाकले. 2024 ची मर्यादा पाच वर्षांना 1,31,100 डॉलर होती. औषधं नाहीत, ऑपरेशन ठरलेलं नाही, नुसती चेअर आहे, तर तुला घाबरायचं कारण मला दिसत नाही.

माझी पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची फाइल 2017 ची, जुन्या नियमातली. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी माझे पाय पाहिले आणि 'आयुष्यभर मदत लागेल' असं लिहून मोकळे झाले. कसली मदत, किती, काही नाही. मग खुलासा मागणारं पत्र आलं. त्या एका ओळीपायी चार महिने गेले. म्हणून तू निघण्याआधी तुझ्या ऑर्थोपेडिककडून एक पान घे: स्थिती स्थिर आहे, उपचार चालू नाहीत, रोजची कामं स्वतः करते. युडीआयडी कार्ड, आपलं सरकारी अपंगत्वाचं ओळखपत्र, असू दे जवळ, पण इथे त्याला कुणी विचारत नाही. आणि काही लपवू मात्र नकोस.

आता तुझं काम. यॉर्कमध्ये जे मॉनिटरिंगचं काम उभं राहिलं, त्याचं मूळ स्वीडनमध्ये 2000 साली झालेल्या एका बैठकीत आहे. बेंग्ट लिंडक्विस्ट हे त्यातलं मोठं नाव. स्वतः अंध, स्वीडनचे माजी मंत्री, 1994 ते 2002 संयुक्त राष्ट्रांचे अपंगत्वविषयक विशेष प्रतिवेदक, म्हणजे या विषयावर नजर ठेवून अहवाल देणारे. त्यांनी आणि यॉर्कच्या मार्शिया रियू यांनी मिळून काम उभारलं. अपंगांचे अनुभव, कायदे-धोरणं आणि माध्यमं अशा तिन्ही बाजूंनी बघायचं, आणि मुलाखती अपंगांनीच घ्यायच्या. आपल्याकडे हैदराबादच्या बाजूलाही हे काम झालंय.

मुलाखती घ्यायला तू शिकशीलच, पण एक गोष्ट आत्ताच सांगते. 'अडचण काय आली?' याला लोक पाठ केलेलं उत्तर देतात. खरं बोलणं सुरू होतं ते 'मग तक्रार का नाही केलीत?' इथून. एका बाईंनी मला सांगितलं, बिल्डिंगची लिफ्ट नऊ दिवस बंद होती. तक्रार? 'मॅनेजरच माझं सामान वर आणून देतो, त्याला कशाला दुखवू?' उपकार नावाचा अडथळा कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. मी तो मार्जिनमध्ये पेन्सिलीनं लिहिला.

हेच प्रश्न तू या शहराला विचार. टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओनं 2005 मध्ये कायदा करून सांगितलं होतं, 1 जानेवारी 2025 पर्यंत सगळा प्रांत अपंगांसाठी सुगम करू. तारीख गेली, काम उरलंय. सबवेच्या सगळ्या स्टेशनांत अजून लिफ्ट झालेल्या नाहीत. यॉर्क युनिव्हर्सिटी स्टेशन 2017 चं, तिथे लिफ्ट आहे. घर त्याच लाइनवर बघ, पण तू उतरशील त्या प्रत्येक स्टेशनची खात्री करून. व्हील-ट्रान्स ही दारापासून दारापर्यंतची गाडी बसच्याच भाड्यात मिळते, पण आधी नाव नोंदवावं लागतं.

बर्फाचं कुणी सांगत नाही. फुटपाथ साफ होतो, आणि बर्फ ढकलणारा नांगर सगळा ढीग नेमका कोपऱ्यावरच्या उतारावर टाकून जातो. तू पलीकडे, रस्ता अलीकडे, मधे गुडघाभर कडक बर्फ. वर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकांचं बेअरिंग खातं.

विद्यार्थ्यांना इथला सरकारी आरोग्य विमा मिळत नाही, युनिव्हर्सिटीचा वेगळा असतो. सरकार चेअरच्या किमतीचे 75 टक्के देतं हे तू वाचलं असशील, पण ते सरकारी विमा असलेल्यांना. तुझी चेअर तिथूनच नीट करून आण.

आणि हा देश स्वर्ग समजू नकोस. 2021 पासून मृत्यू जवळ नसला तरी, आजार किंवा अपंगत्वाचा त्रास असह्य आहे म्हणून वैद्यकीय मदतीनं मरण मागता येतं. 2025 च्या मार्चमध्ये करारावर देखरेख करणाऱ्या जिनिव्हातल्या समितीनं कॅनडाला ती तरतूद रद्द करायला सांगितलं. घर मिळायला वर्षं लागतात, हे मरण त्यामानानं लवकर मिळतं, असं इथले आमचे लोक म्हणतात. तुझा थीसिस इथे आहे, मला विचारशील तर.

पोटाचं म्हणशील तर नुसत्या मॉनिटरिंगच्या नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. संयुक्त राष्ट्रांची इंटर्नशिप बहुतेकदा बिनपगारी असते, आणि जिनिव्हा महाग. मी स्वतः एका महापालिकेत अॅक्सेसिबिलिटीचं काम करते आणि अहवाल रात्री लिहिते. भारतानं 2007 मध्येच करार मंजूर केला, पण व्यक्तीला थेट समितीकडे तक्रार करू देणाऱ्या पुरवणी करारावर सही केलेली नाही; कॅनडा 2018 मध्ये त्यात आला. म्हणून वाटतं, दोन वर्षं शिकून तू परत गेलीस तर तिथे तुझी गरज जास्त. पण हे मी सांगायचं, जी स्वतः परत गेली नाही!

चेअरच्या चाकांचा साइझ कळव. दोन जादा ट्यूब आणि बेअरिंगचा एक सेट तिथूनच घे, शाहूपुरीत विचारून बघ. इथे मजुरीच जिवावर येते.