इस्रायलमधलं दिमोना शहर वाळवंटात का वसवलं, आणि ते मागे का पडलं?

लोकसंख्या किनारपट्टीवरच एकवटू नये म्हणून सरकारने 1955 मध्ये नेगेव वाळवंटात दिमोना वसवलं. पहिले रहिवासी मुख्यतः मोरोक्कोसारख्या उत्तर आफ्रिकी देशांतून आलेले ज्यू. कुठे राहायचं, हे त्यांना फारसं कोणी विचारलं नव्हतं. पोटापाण्यासाठी मृत समुद्रावरचे पोटॅशचे (खतात वापरल्या जाणाऱ्या क्षाराचे) कारखाने होते, आणि नंतर सरकारी मदतीने कापड गिरण्या आल्या. खरी गोम इथेच आहे: अख्खं गाव दोन-चार मोठ्या कारखान्यांवर अवलंबून. आयात खुली झाली, स्वस्त मजुरीच्या देशांशी स्पर्धा वाढली आणि गिरण्या बसल्या. गिरणगाव आठवणाऱ्यांना हे नवं नाही, फक्त दिमोनात जमिनीला सोन्याचा भाव नव्हता. पन्नाशीच्या दशकाअखेरीस जवळच अणुभट्टी उभारायला घेतली, पण तिथल्या चांगल्या पगाराच्या नोकऱ्यांतले बरेच जण राहतात बेर्शेवासारख्या जवळच्या मोठ्या शहरात. नव्वदीत सोव्हिएत संघातून आलेल्यांमुळे लोकसंख्या वाढली, त्या प्रमाणात रोजगार वाढला नाही.

आपला धागाही आहे: कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांची इथे मोठी वस्ती आहे. तिथल्या जुन्या पिढीशी तुम्ही खुशाल मराठीत बोला.