जाळीचा स्कार्फ चुरगळलेला दिसतोय? मग तो अजून पुरा झालेला नाही

ताई, दोन्ही फोटो पाहिले. सुईवर असताना वीण छान दिसत होती, टाके बंद केले आणि सगळा गोळा झाला, आता शनिवारी विणायला जमणाऱ्या बायकांना दाखवू कशी, असं तुम्ही विचारलंय. जाळीची वीण सुईवरून उतरते तेव्हा अशीच दिसते. भिजवून, ताणून, टाचून वाळवल्याशिवाय भोकं उघडत नाहीत.

तुम्ही घेतलेली लाटांची वीण मूळची स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांची. १८ टाके, चार ओळी, आणि सगळी करामत तिसऱ्या ओळीत: दोन-दोन टाके एकत्र तीन वेळा, मग दोरा पुढे घेऊन एक सुलट असं सहा वेळा, परत दोन-दोन एकत्र तीन वेळा. सहा कमी झाले, सहा वाढले. दुसऱ्या फोटोत उजवीकडची एक लाट अरुंद आहे. तिथे दोरा पुढे घेण्याचा एक वेढा राहिला असावा आणि पुढे तुम्ही टाका भरून काढलाय. त्यासाठी उसवू नका, ताणल्यावर कुणाला कळणार नाही. पुढच्या वेळी दर १८ टाक्यांनंतर रंगीत दोऱ्याचा फास सुईत अडकवा. शिवाय मधूनमधून शिवणाच्या सुईने एक गुळगुळीत सुती दोरा सगळ्या टाक्यांमधून ओवून ठेवा (फासांमधून नको). उसवावं लागलं तरी वीण त्या दोऱ्यापाशी थांबते.

आता खरा प्रश्न: धागा कुठला आहे? आपल्याकडे लोकर म्हणून मिळणारे बरेच गुंडे ॲक्रिलिकचे असतात. वेष्टनावर बघा. ॲक्रिलिक नुसतं भिजवून ताणलं तर वाळल्यावर पुन्हा आखडतं. त्याला वाफ लागते. टाचून ठेवा, इस्त्री दोन बोटं वर धरा आणि वाफ सोडा. इस्त्री टेकवायची नाही. वाफ जास्त झाली की धागा कायमचा लुळा पडतो, मग इलाज नाही.

खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. मग गादीवर कोरडी चादर पसरून मधल्या रेषेपासून कडांकडे ताणत टाचा, लाटेच्या प्रत्येक टोकाला एक टाचणी. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. आपल्या कोकणातल्या खाऱ्या हवेत साध्या टाचण्या रात्रीत गंजतात, आणि पांढऱ्या जाळीवरचा तो तपकिरी ठिपका निघत नाही. पूर्ण वाळेपर्यंत टाचणी काढायची नाही. आषाढात हे काम काढूच नका. काढलंच तर रात्रभर पंखा लावा. लोकर हवेतली ओल भरपूर ओढते, त्यामुळे पावसाळ्यात ताणलेली जाळीही थोडी सैल पडते. दिवाळीनंतर परत भिजवून टाचली की झालं.

कोकणात वापरायचा स्कार्फ असेल तर मी बारीक सुती धागा घेईन. लोकरीइतका ताण धरत नाही, पण अंगावर सुसह्य होतो. घाम येणाऱ्या हातांना बांबूच्या सुया अडतात, धातूच्या बऱ्या. सुईचा नंबर मात्र तपासून घ्या: जुन्या ब्रिटिश मापाची ८ नंबर ४ मिमीची, अमेरिकन नमुन्यातली ८ नंबर ५ मिमीची. मिलिमीटर बघूनच सुई घ्यावी.

शनिवारी दाखवायला न्याल तेव्हा न ताणलेला फोटोही सोबत ठेवा. नवीन शिकणाऱ्या बायकांना त्याचाच जास्त उपयोग होतो. धाग्याचं वेष्टन, सुईचं माप आणि एकूण टाके एका चिठ्ठीवर लिहून स्कार्फला अडकवा, नाहीतर सगळा वेळ तेच सांगण्यात जातो. नमुना विकत घेतलेला असेल तर त्याच्या झेरॉक्स वाटू नका, नाव सांगा. आणि फोटो खिडकीसमोर उजेडाकडे धरून काढा. टेबलावर पसरून काढलेल्या फोटोत जाळी कधीच दिसत नाही.

वेष्टनावर काय लिहिलंय ते कळवा, मग वाफ की पाणी ते नक्की सांगते.