मोठा चार्जर बसवला म्हणून इलेक्ट्रिक विमान लवकर चार्ज होत नाही

तुम्ही विचारलंय की इलेक्ट्रिक विमान फास्ट चार्ज करताना बॅटरी थंड कशी ठेवतात, आणि जास्त किलोवॅटचा चार्जर बसवला तर नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा अर्ध्या तासात काम होईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही होणार. आणि एवढ्या तावातावाने सांगतेय कारण याच मोठ्या चार्जरवरून माझं एका माणसाशी कडाक्याचं वाजलेलं आहे.

मी दक्षिण युरोपात एका फ्लाइंग स्कूलमध्ये मेंटेनन्सला होते. दोन सीटचं इलेक्ट्रिक ट्रेनर, दिवसभर सर्किट्स, म्हणजे टेकऑफ, एक गोल चक्कर, लँडिंग, की परत टेकऑफ. प्रत्येक क्लाइंबला बॅटरीतून दणकून पॉवर खेचली जाते, त्यात चार्ज खाली गेला की सेलचा, म्हणजे बॅटरीतल्या एकेका छोट्या घटकाचा, आतला रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे शेवटच्या लँडिंगला बॅटरी सगळ्यात रिकामी आणि सगळ्यात गरम, दोन्ही एकदमच, आणि नेमकं तेव्हाच आपण तिला प्लग लावणार. जुलैतली दुपार, विमानं उभी करतात त्या अ‍ॅप्रनचं काँक्रीट तापलेलं, विमान उन्हातच उभं, पुढचा विद्यार्थी हेडसेट गळ्यात अडकवून ताटकळलेला. सुरुवातीला करंट व्यवस्थित, मग थोड्याच वेळात स्क्रीनवरची करंटची रेघ पायरी पायरीने खाली यायला लागायची. पुढची फ्लाइट लेट, तिच्या पुढची कॅन्सल.

आमच्या ऑपरेशन्स मॅनेजरचं एकच पालुपद, चार्जर लहान आहे. मी मीटिंगमध्ये लॉग काढून समोर ठेवले, की अहो, सकाळी पहिल्या चार्जिंगला हाच चार्जर पूर्ण करंट देतो ना, मग दुपारीच का नाही देत? करंट किती घ्यायचा हे चार्जर ठरवत नाही, बॅटरीचं बीएमएस, म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स, ठरवतं, आणि ते सरासरी तापमान बघून गप्प बसत नाही, सगळ्यात गरम सेल कुठला ते बघतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुप्पट ताकदीचा चार्जर मागवला. दुपारची रेघ होती तशीच खाली. मग म्हणे बॅटरीच खराब आहे!

गणित सरळ आहे. करंट दुप्पट केला की आत तयार होणारी उष्णता चौपट होते. समजा 20 किलोवॅटने चार्ज करताना 3 टक्के उष्णतेत जातात, म्हणजे 600 वॅट. तीच बॅटरी 40 ने चार्ज करायला गेलात तर 2400 वॅट, म्हणजे बाथरूमचा गीझर बॅटरीच्या पोटात चालू. वेळ निम्मा लागला तरी एकूण उष्णता दुप्पटच निघते, ती कुठेतरी जायला नको का?

मी जे मागत होते त्याला पैसे लागत नव्हते. लँडिंग झाल्या झाल्या प्लग लावू नका, विमान हँगरच्या सावलीत घ्या, कूलिंगचे पंप-पंखे चालू ठेवून तापमान उतरू द्या, डीब्रीफिंग तेवढ्या वेळात उरका, आणि सर्किट्स सकाळी घ्या, दुपारी आरामात क्रूझचे धडे. तर उत्तर आलं की विमान उभं ठेवून पैसे मिळत नाहीत. तो ऑगस्टमध्ये सुट्टीवर गेला तेव्हा इन्स्ट्रक्टर लोकांनी आणि मी मिळून हेच केलं आणि दुपारच्या फ्लाइट्स कॅन्सल होणं जवळपास थांबलं. तो परत आला, की जुनं वेळापत्रक परत. याचा मला अजून राग आहे.

आता कोणी म्हणेल विमानातच दणकट कूलिंग टाका, गाडीत टाकतात तसं. पिपिस्ट्रेल कंपनीचं वेलिस इलेक्ट्रो घ्या, 2020 मध्ये ईएएसए या युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मान्यता, दिलेलं जगातलं पहिलं इलेक्ट्रिक विमान. त्यांच्याच आधीच्या अल्फा इलेक्ट्रोच्या बॅटऱ्या हवेवर थंड व्हायच्या, वेलिसला लिक्विड कूलिंग आलं. पण टेकऑफचं कमाल वजन 600 किलो, त्यात दोन माणसांसाठी उरतात 172 किलो. तिथे फक्त जमिनीवर कामाला येणारा 20 किलोचा चिलर, म्हणजे फ्रिजसारखं थंड करणारं यंत्र, चढवलात तर तेवढं वजन माणसांच्या वाट्यातून गेलं. म्हणून चार्जिंगच्या वेळचं जास्तीचं कूलिंग जमिनीवरच हवं, या मतावरून मी हलणार नाही. जोबी या एअर टॅक्सी बनवणाऱ्या कंपनीने 2023 मध्ये आणलेल्या चार्जिंग सिस्टिममध्ये विजेसोबत बाहेरून कूलंट, म्हणजे थंड करणारं द्रवसुद्धा विमानात फिरवायची सोय आहे, ते मला पटतं. बीटा आणि आर्चर या दुसऱ्या इलेक्ट्रिक विमान कंपन्या इलेक्ट्रिक गाड्यांमधला सीसीएस नावाचा फास्ट चार्जिंगचा प्लग धरून बसल्यात, कुठेही चालेल असा प्लग म्हणून ते ठीक, पण त्या प्लगमधून बॅटरीसाठी कूलंट जात नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते.

नागपूरचं म्हणाल तर रेडिएटर, पंखा कितीही मोठा असो, बाहेरच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. बाहेर 45 असेल तर बॅटरी 45 च्या वरच राहणार, आणि बऱ्याच लिथियम-आयन सेलना चार्जिंगची मर्यादाच 45 च्या आसपास असते. मी मूळची अकोल्याची, त्यामुळे मे महिन्यातलं 45 म्हणजे काय ते सांगायला नको. तिथे जमिनीवर चिलर, वर शेड आणि पहाटेची फ्लाइंग, याला पर्याय नाही.

एक राहिलंच, "थंड ठेवणं" हेच सगळं असंही नाही. गार सेलमध्ये करंट कोंबला की लिथियम आत न शिरता सेलच्या निगेटिव्ह टोकावर, म्हणजे अ‍ॅनोडवर धातू होऊन साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी 2019 मध्ये उलटंच करून दाखवलं, सेल मुद्दाम 60 अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटांत चार्ज केला आणि लगेच थंड केला, तर तो 1,700 सायकल, म्हणजे तितक्या वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊन, टिकला, 20 अंशांवर तसाच चार्ज केलेला 60 सायकलमध्ये गेला. पण ते लॅबमधलं, एअरफील्डवर मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच करायचं. बर्फ, ओली फडकी, पाण्याचा पाइप असलं काही बॅटरीजवळ न्यायचं नाही. आणि माझा अनुभव छोट्या ट्रेनरचा आहे, एअर टॅक्सीचे पॅक वेगळे, वरचे 3 टक्के पण फक्त समजावण्यापुरते.

तुम्ही खरंच कुठे चार्जर घ्यायच्या बोलणीत असाल तर किलोवॅटचा आकडा ऐकून सही करू नका. चार्जरवाला आणि विमानवाला दोघांना एकत्र बसवा आणि सांगा, बाहेर 42 अंश, विमान नुकतंच सर्किट्स करून उतरलंय, अशा वेळचा करंट आणि सेलच्या तापमानाचा ग्राफ दाखवा. आमच्या साहेबांनी हा ग्राफ मागितला असता तर त्या चार्जरच्या पैशात हँगरबाहेर शेड झाली असती.