‘माझं नाव एकाही कागदावर नाही’

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाने लिहिलंय. नवरा-बायको दोघंही ग्रीन कार्डवर. नवऱ्याला पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज भरायचाय. ओळखीच्या एका गुंतवणूकदाराला न्यू जर्सीत मेडिकल गांजाची डिस्पेन्सरी, म्हणजे दुकान, काढायची आहे. वाचकाची पत्नी स्त्री आणि शिवाय आशियाई, म्हणून ५१ टक्के मालकी तिच्या नावावर. बाकी कारभार सगळा गुंतवणूकदाराचा. तिची सही होऊन तीन महिने झाले, त्याला २५ हजार डॉलरही देऊन झाले. आता विचारतायत, “माझं नाव एकाही कागदावर नाही, तर मला अडचण नाही ना?” गावं बदलून हाच प्रश्न मला सारखा येतो, आणि दर वेळी सही झाल्यावरच येतो.

५१ टक्क्यांवर फार वेळ घालवत नाही. न्यू जर्सीच्या २०१९च्या कायद्यात मेडिकल परवान्यांपैकी १५ टक्के अल्पसंख्याकांच्या आणि १५ टक्के स्त्रियांच्या वा अपंग माजी सैनिकांच्या उद्योगांकडे जावेत अशी तरतूद आली. सामाजिक न्यायाची ही सगळी भाषा निघाली ती गांजाबंदीत ज्यांची घरं उद्ध्वस्त झाली त्यांच्यासाठी. गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांना गांजापायी अटक होण्याचं प्रमाण २०१८ मध्ये देशभरात साडेतीन पटींहून जास्त होतं. तुमच्या घरातलं कुणी त्यापायी एक रात्रही कोठडीत बसलेलं नाही. ‘आशियाई’ हा शब्द अल्पसंख्याकांच्या यादीत आहे म्हणून तुम्ही त्यात बसता, एवढंच. बेकायदा नाही ते. पण चेकवर सही कोण करतं हे पत्नीला सांगता येत नसेल आणि प्रतिज्ञापत्रात ‘कारभार माझा’ असं लिहिलं असेल, तर ते खोटं प्रतिज्ञापत्र झालं. त्यावरून परवाना जाईल की नुसती चौकशी होईल, हे आज सांगणं कठीण.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र राज्याच्या कायद्यात नाहीच. ते केंद्राच्या इमिग्रेशन कायद्यात, कलम २१२ (ए)(२)(सी) मध्ये आहे. नियंत्रित पदार्थांच्या (केंद्राच्या लेखी गांजाही त्यातलाच) बेकायदा व्यापारात कुणी आहे असं मानायला सरकारकडे ‘सबळ कारण’ असलं, की तो परदेशी माणूस प्रवेशास अपात्र. खटला लागत नाही, शिक्षा लागत नाही. जाणूनबुजून मदत करणाराही त्यातच आला. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, ‘मी फक्त रोख हिशेबाची एक्सेल शीट बनवून दिली.’ फक्त!

त्याच कलमाचा दुसरा भाग थेट तुमच्यासाठी लिहिल्यासारखा आहे. अशा व्यक्तीच्या पतीने, पत्नीने किंवा मुलांनी गेल्या ५ वर्षांत त्या व्यवहारातून काहीही फायदा घेतला असेल आणि तो कुठून आला हे त्यांना माहीत असेल, किंवा माहीत असायला हवं असेल, तर तेही अपात्र. तुमचं बँक खातं जॉइंट आहे. आपल्याकडे ठाण्यातला फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला की स्टँप ड्युटीत एक टक्का वाचतो. ती सवय इथे आणू नका.

‘राज्याचा परवाना आहे’ हा बचाव चालत नाही. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने लेखी सांगितलंय की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाचा धंदा नागरिकत्वासाठीच्या ‘सच्चारित्र्या’च्या अटीच्या आड येऊ शकतो. गांजाचं शेड्यूल, म्हणजे नियंत्रित पदार्थांच्या वर्गवारीतली पायरी, खाली आणण्याच्या बातम्यांवरही विसंबू नका. हे कलम शेड्यूलचा नंबर विचारत नाही, पदार्थ नियंत्रित आहे का एवढंच विचारतं.

नशीब एवढंच, की दुकान अजून उघडलेलं नाही. इथली कासवगती मी एरवी शिव्या घालत सोसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये भरलेले मेडिकलचे अर्ज कोर्टाच्या स्थगितीत अडकले आणि निकाल लागायला २०२१ची अखेर उजाडली. या वेळी मात्र तीच दिरंगाई तुमच्या पथ्यावर पडली आहे. पहिल्या विक्रीआधी बाहेर पडलात तर बाजू मांडायला जागा राहते. गल्ल्यातला पहिला डॉलर जॉइंट खात्यात आला, की तुमची ५ वर्षं तिथून मोजली जातील. पत्नीच्या बाबतीत तर कायद्यात अशी मुदतच नाही.

तेव्हा पत्नीने याच आठवड्यात लेखी माघार घ्यावी. गुंतवणूकदाराला कळवावं आणि परवाना देणाऱ्या आयोगालाही, अर्जातून नाव काढा म्हणून. २५ हजारांचं म्हणाल, तर दावा लावता येईल. पण केंद्राच्या कायद्याने निषिद्ध असलेला करार कोर्ट पाळायला लावेल याची मी हमी देत नाही. नागरिकत्वाचा एन-४०० तूर्त भरू नका. नियंत्रित पदार्थ कधी विकले, वाटले का, हा प्रश्न त्यात आहेच, आणि तिथलं खोटं उत्तर गांजापेक्षा महागात पडतं. भारतात जायचं तिकीट काढलं असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा; परत येताना प्रवेशाचं हेच कलम आडवं येऊ शकतं.

आणि ती एक्सेल शीट डिलीट करू नका. ईमेलही करू नका, मलासुद्धा. पेन ड्राइव्हवर घेऊन या.