पायाच्या नखाच्या बुरशीवर गोळ्या घेतल्या तर लिव्हर खराब होतं का? की नुसतं लावायचं औषध किंवा लेझर पुरेसं आहे?

प्रश्नात लिव्हर वाचलं आणि आमचे भाटवे डोळ्यांसमोर आले. (भाटवे म्हणजे बहिणीचे यजमान, तिकडच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) आमच्या आईचं नख वर्षानुवर्षं सडत राहिलं ते बुरशीमुळे कमी आणि भाटव्यांच्या या लिव्हरमुळे जास्त.

आधी सरळ उत्तर. नख मुळापर्यंत पिवळं, जाड, भुसभुशीत झालं असेल आणि तपासणीत बुरशीच निघाली असेल, तर गोळ्या घ्या. धडधाकट माणसाच्या लिव्हरला त्रास होतो, पण क्वचित. म्हणून तर गोळ्या सुरू करण्याआधी रक्ताची एलएफटी, म्हणजे लिव्हर नीट चालतंय का ते बघणारी तपासणी, करायला सांगतात. एलएफटी ठीक आली की घाबरत बसू नका.

आम्ही गोंदिया जिल्ह्यातले, धानाचे कास्तकार. आईचं उभं आयुष्य रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, गेलं. पावसाळ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बांधीत (भाताच्या खाचरात) पिंडरीएवढ्या चिखलात उभं राहायचं, आपल्या बांध्या आटोपल्या की दुसऱ्याच्या. बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, कातडी पांढरी पडून सोलून निघायची. जोडव्याखाली कायम ओल. रोज रात्री तेल-हळद लावली की काम झालं, असा तिचा हिशोब. बुरशी अशा भिजून फुगलेल्या कातडीत आधी घर करते आणि तिथून नखाखाली शिरते. तिच्या अंगठ्याचं नख एका कडेनं पिवळं पडलं, मग पूर्ण, मग इतकं जाड झालं की घरच्या नेलकटरमध्ये मावेना. भाऊ ते कापायला वायरी कापायची पक्कड घ्यायचा.

तेव्हा भाटवे मैदानात उतरले. “नख उपटून टाका बापू, रोगच जाते.” आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. आईला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, अंगठा बधिर केला, नख काढलं. ऐन रोवणीचे दिवस होते. पट्टी बांधलेल्या पायानं ती बांधावर बसून राहिली आणि मजुरी बुडाली ती वेगळीच. नवीन नख हळूहळू आलं, आणि तेही पिवळंच. येणारच होतं. नख काढलं तरी खालच्या मांसातली बुरशी कुठे जाते? नुसतं नख उपटणं हा उपचार नाही, हे मी भाटव्यांना तेव्हाही सांगितलं होतं, आज लिहून देतो. फार जाड नख 40 टक्के युरियाचं मलम लावून मऊ करतात आणि खरवडून काढतात, ते ठीक आहे, पण तेही औषधासोबत. औषधाशिवाय नाही.

त्यानंतर ट्यूबांचा काळ. मेडिकलवाल्यासमोर पाय दाखवायचा आणि तो देईल ती ट्यूब घ्यायची. त्यातल्या कितीतरी ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं, क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून लोक खूश होतात, बुरशी मात्र आतून पसरत राहते. ट्यूबवरची नावं वाचा. ही दोन दिसली तर परत करा. साधी मलमंही नखाच्या आत पोचत नाहीत, ती बेचक्यातल्या चिखल्यांसाठी आहेत. आमच्या गावात एकानं तर धानाच्या करपा रोगावर फवारायचं बुरशीनाशक अंगठ्याला लावलं होतं. बुरशी ती बुरशी, असं त्याचं म्हणणं. ते विष आहे, पायाला लावायचं औषध नाही.

शेवटी मी आईला गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नेलं. 2016 पासून कॉलेज आहे, तिथे त्वचारोगाची ओपीडी चालते, आणि तरी लोक नखासाठी आधी नागपूरच्या प्रायव्हेटचा पत्ता विचारतात. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिण्याआधी नखाखालचा भुगा खरवडून केओएच तपासणीला, म्हणजे बुरशी आहे का ते बघायला, पाठवला. मला हे फार आवडलं. कारण बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्म्यांमध्येच बुरशी असते. बाकी सोरायसिस (कातडीचा एक आजार), जुना मार, घट्ट बूट असं काहीतरी निघतं, आणि त्यावर तीन महिने बुरशीच्या गोळ्या खाऊन काय होणार? तपासणीशिवाय गोळ्या लिहून देणारा डॉक्टर असेल तर आधी तपासणीची चिठ्ठी मागा.

आईला टर्बिनाफिन ही बुरशीची गोळी मिळाली, 250 मिलीग्रॅम, रोज एक. पायाच्या नखासाठी 12 आठवडे, हाताच्या नखासाठी 6. घरी आलो तर भाटवे हजर. “या गोळ्यायनं लिव्हर जाते न!” ज्यांच्या लिव्हरला दर बाजाराच्या दिवशी मोहाची दारू लागते, त्यांना माझ्या आईच्या लिव्हरची चिंता. आईच्या एलएफटीचा रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरून वाचला.

पहिला महिना गेला, नखात ढिम्म फरक नाही. आई म्हणे, बंद करते. इथेच बहुतेक लोक सोडतात. पायाचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटर वाढतं. बिघडलेला भाग बरा होत नसतो. तो पुढे सरकतो, आपण कापत राहायचं, आणि मागून चांगलं नख येतं. अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. गोळ्या तीन महिन्यांत संपतात, पण औषध नखात त्यानंतरही बरेच महिने टिकून काम करतं.

मग एक खरा त्रास झाला. शेवटी शेवटी आईच्या तोंडाची चव गेली. भाजीत मीठ टाकतच जायची, वरण खारट, आमचं जेवण बेचव आणि तिला काहीच कळेना. टर्बिनाफिननं काही जणांना असं होतं, माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. भाटव्यांना तर सणच मिळाला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या तिथेच थांबवल्या आणि म्हणाल्या, पुरेसं औषध नखात गेलंय, आता वाट बघू. चव परत आली. पुढच्या रोवणीच्या सुमारास मुळाशी गुलाबी नखाची पट्टी दिसायला लागली होती. भाटव्यांचं मत असं की हा गुण त्यांनी नख उपटलं होतं त्याचा!

सगळ्यांनाच असा गुण येतो असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या टर्बिनाफिनच्या माहितीपत्रकात पायाच्या नखांचे आकडे आहेत. सुमारे 70 टक्के लोकांची बुरशी जाते, पण बुरशी जाऊन नखही अगदी स्वच्छ दिसतं असे 38 टक्केच. म्हणजे नख थोडं वाकडं राहिलं तरी आतली बुरशी गेलेली असू शकते. परत होण्याचंही प्रमाण बरंच आहे. दुसरी गोळी इट्राकोनाझोल, तीही चालते, महिन्यातून एक आठवडा अशी तीन वेळा देतात. कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची आणि ॲसिडिटीच्या गोळीबरोबर नाही, नाहीतर अंगी लागत नाही.

लावायचं औषध म्हणजे नेलपॉलिशसारखं लॅकर. ॲमोरोल्फिन 5 टक्के आठवड्यातून एक-दोनदा, सायक्लोपिरॉक्स 8 टक्के रोज, तेही वर्षभर. फक्त टोकाला थोडं बिघडलं असेल किंवा गोळ्या चालतच नसतील तर लावा. नख मुळापर्यंत बिघडलं असेल तर एकट्या लॅकरवर भरवसा ठेवू नका. लेझरचं विचारलंत म्हणून, नख तात्पुरतं बरं दिसतं, पण बुरशी मुळातून जाते याचा पुरावा कच्चा आहे आणि पैसा बराच जातो. मी करणार नाही.

आणि तो “पाय कोरडे ठेवा” हा सल्ला! सगळीकडे छापलेला असतो. रोवणीला बांधीत कोण कोरडं राहतं? गमबूट चिखलात रुतून पायातून निघून येतो. आई आता एवढंच करते की घरी आली की पाय धुऊन बेचक्यांत कपडा फिरवते, जोडवी काढून ठेवते, आणि चिखल्या दिसल्या की लगेच बुरशीचं मलम लावते. तिचा नेलकटर वेगळा, चपलाही दुसऱ्या कोणाला नाही.

राहिलेलं. लिव्हरचा आजार आधीपासून असेल तर टर्बिनाफिन नाही, रोज दारू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगितल्याशिवाय नाही. हार्ट फेल्युअर असेल तर नखासाठी इट्राकोनाझोल नाही. कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर तेही सांगा, ती आणि इट्राकोनाझोल एकत्र चालत नाहीत. गरोदर असाल तर नखाचा उपचार थांबू शकतो. गोळ्या चालू असताना लघवी गडद, डोळे पिवळे, भूक मेली असं काही वाटलं तर गोळी बंद आणि सरळ दवाखाना. तुम्ही शुगरचं काही लिहिलेलं नाही. शुगर असेल तर हे नख टाळू नका, जाड नखाखाली जखम होते, ती कळत नाही आणि पाय चिघळतो.

भाटव्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख यंदा पिवळं दिसतंय. बहिणीच्या हातून आईला गोळीचं नाव विचारून झालंय. नाव सांगितलं, पण आधी एलएफटी करायला सांगितली आहे, आणि ती अजून झालेली नाही.