"नापास झाली तर?" हे घरात कुणी बोलतच नाही

जानेवारी लागला की दहावी-बारावीची मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊ लागतात आणि त्यांची तक्रार जवळपास एकाच शब्दांत असते. "मॅडम, घरी सारं येते. पेपर हाती आला का हात गार पडते अन् सारं पुसल्या जाते." यवतमाळ, वर्धा, वाशीम, कुठल्याही तालुक्यातली शाळा घ्या, हेच ऐकू येतं. त्याच मुलांचे आईवडील बाहेरच्या बाकावर बसून मला सांगतात, "आम्ही तर तिले काहीच म्हनत नाही. टेन्शन घेऊ नको, येवढंच म्हनतो."

दोघंही खरं बोलत असतात. तरी लेकराची झोप उडालेली असते. असं का होतं, ते मला एका मुलीच्या घरामुळे फार स्पष्ट दिसलं.

तिला सरिता म्हणू. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. यवतमाळ जिल्ह्यात हमरस्त्यापासून बरंच आत असलेलं गाव. वडिलांची कपाशी आणि तूर, विहिरीवर थोडं ओलीत, त्यावर हरभरा. मुलगी मराठीत, विज्ञानात चांगली, गणितात कच्ची. सराव परीक्षेत बीजगणिताच्या पेपरला ती बराच वेळ नुसती बसून राहिली. नाव, क्रमांक आणि समास आखलेला, बाकी कोरं. वर्गशिक्षकांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत ती फक्त गणिताविषयी बोलली. दुसऱ्या भेटीत मी तिला थेट विचारलं, "समज, नापास झालीस. मग काय होईल?"

"असं नका बोलू मॅडम."

"आपण दोघीच आहोत. बोलून पाहू. मग काय होईल?"

"घरी बसवतीन."

"मग?"

"वावरात जाईन आईसंगं."

"मग?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी थांबले. खूप वेळ थांबले. मग ती म्हणाली, "ताईचं झालं तसंच होईन."

ताई दहावीला गणितात राहिली होती. निकालानंतर शाळेत कुणी गेलंच नाही. दोन वर्षं ताई निंदण-वेचणीला गेली, अठरा पुरे झाले आणि लग्न झालं. आता कडेवर एक मूल आहे. ताईचा स्वभाव हसरा होता, आता ती माहेरी आली की धाकटीची पुस्तकं उगाच हातात घेऊन बसते, असं सरितानं सांगितलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे. भीती अर्ध्यावर सोडली की वाढते, म्हणून ती शेवटपर्यंत विचारत न्यायची आणि मग तपासायची, किती खरी, किती आपण फुगवलेली, हे मी अनेक वर्षं करत आले आहे. बहुतेक मुलांच्या बाबतीत शेवटी लक्षात येतं की आभाळ कोसळणार नाहीये. सरिताच्या बाबतीत मात्र तपासायला गेल्यावर मला दिसलं की तिनं काहीच फुगवलेलं नाही. पुरावा तिच्या घरातच होता. सख्ख्या बहिणीचं जे झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. अशा मुलीला "घाबरू नको" म्हणणं म्हणजे तू पाहिलंस ते खोटं, असं सांगणं आहे. तिला धीर नको होता. तिला घरातून नवा पुरावा हवा होता, आणि तो देणारा माणूस एकच होता.

वडील बाजाराच्या दिवशी आले. डोळे लाल. "रात्रीची लाइन हाये मॅडम, हरभऱ्याले पानी देऊन राहिलो." मी सरिताला विचारून घेतलं होतं की तिचं बोलणं त्यांच्यासमोर काढलं तर चालेल का. ती हो म्हणाली, पण खुर्ची त्यांच्यापासून लांब ओढून बसली.

मी म्हटलं, "भाऊ, ही नापास झाली तर तुम्ही काय करणार आहात?"

ते दचकले. "असं अभद्र कायले बोलता? होईन ना पास."

"होईलच. पण नाही झाली तर?"

ते मुलीकडे न बघता, भिंतीकडे बघत बोलू लागले. "मोठीच्या टायमाले मले काही समजलंच नाही. निकाल लागला, मी म्हनलं, झालं आता, बस घरी. पुन्हा पेपर देता येते हे कोनी सांगतलंच नाही. ते काही बोलली नाही, पन मले समजते. हे नापास झाली तरी मी हिले शाळेतून काढत नाही. हे तर मी कवाच ठरवलं हाये."

"मग हिला सांगितलं का नाही?"

"परीक्षेच्या तोंडावर असं कसं बोलाचं मॅडम? तोंडातून निघालं अन् तसंच झालं तर?"

सरिता रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "बाबा, खरंच?" ते म्हणाले, "हाव." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "हाव ना वं."

माझ्या कामात असे क्षण रोज येत नाहीत. त्या दिवशी मी कुठलाही सल्ला दिला नाही. योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारून गप्प बसले, आणि ते पुरलं याचं मला अजूनही समाधान आहे. आपल्याकडे परीक्षेआधी वाईट बोलू नये म्हणून सारं घर तोंड मिटून असतं. ते मायेपोटीच असतं. पण घर गप्प राहिलं की तो विचार लेकरू एकटंच करत राहतं आणि त्याचा शेवटही एकटंच ठरवतं. म्हणून आता मी प्रत्येक पालकाला सांगते, हा प्रश्न परीक्षेआधी घरात मोठ्यानं विचारा आणि उत्तर मोठ्यानं द्या. "काही होत नाही" हे उत्तर नाही. काय होईल ते सांगा: पुन्हा फॉर्म भरू, क्लास लावू किंवा नको लावू, कामाचं असं असं करू.

ते सांगायला माहिती लागते, आणि खेड्यात ती पोचत नाही. त्या दिवशी वडिलांना मी कागदावर लिहून दिलं. गणिताच्या १०० पैकी २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० चे दोन पेपर, आणि पास व्हायला लागतात ३५. एखाद्या विषयात राहिलं तर २०१५ पासून निकालानंतर लगेच, जून-जुलैच्या सुमारास, पुरवणी परीक्षा होते. वर्ष वाया जात नाही. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतं. त्यांनी तो कागद घडी करून टोपीत ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "मोठीचं गनित आता देता येते काय?" मी म्हटलं, येतं, तिच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, जुनी गुणपत्रिका सोबत न्या.

भीती उतरली म्हणून गणित आपोआप येत नाही. पुढचे आठवडे आम्ही साध्या कामात घालवले. सगळ्यात उपयोगी पडली ती आई. आई शाळेत गेलेली नाही. सरिता पुस्तक मिटून विज्ञानाचा धडा तिला समजावून सांगायची आणि आई तूर निवडता निवडता मधेच विचारायची, "मंग हे असं काहून होते?" जिथे उत्तर अडलं तिथेच अभ्यास कच्चा, एवढं सोपं. नुसतं वाचत राहिलं की सगळं येतंय असं वाटतं, पुस्तक मिटून आठवलं की खरं कळतं.

कोरं होण्यावर एक उपाय मी बऱ्याच मुलांना देते. पेपरआधी दहा मिनिटं वहीच्या मागच्या पानावर जी भीती वाटते ती जशीच्या तशी लिहायची आणि वही मिटायची. शिकागो विद्यापीठाच्या रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं होतं, विशेषतः परीक्षेला खूप घाबरणाऱ्या मुलांना याचा फायदा होतो. डोक्यातली जी जागा काळजीनं अडवलेली असते ती थोडी मोकळी होते. सरितानं काय लिहिलं ते मी कधी विचारलं नाही. पेपर हातात आल्यावर जे गणित येतं ते आधी सोडवायचं, क्रमानं नाही. श्वास सोडताना घेण्यापेक्षा हळू. आणि २०२३ पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, हेही मुलांना आधी सांगून ठेवा, घाई कमी होते.

घरच्यांसाठी दोन-तीन गोष्टी. मुलींकडून पाणी भरणं, भांडी, धाकट्यांना सांभाळणं तसंच चालू ठेवून "अभ्यास कर" म्हणू नका. हा महिना ते काम भावाला द्या, त्यालाही जमतं. झोप कापू नका, रात्री जागून वाचलेलं सकाळी हाताशी येत नाही. परीक्षा केंद्र दुसऱ्या गावी असेल तर आधी एकदा जाऊन बघा. मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या निळ्या एसटी बसची वेळ शाळेची असते, पेपरची असेलच असं नाही, ती आगारात विचारून ठेवा.

सरिताला गणितात ४४ मिळाले. ती आता अकरावीला आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्याच घरांना सांगते. लेकरू जेवणं सोडतं, कुणाशी बोलत नाही, "मी नसले तर बरं" असं काही बोलतं, तर ते नखरे समजू नका. जवळ बसून सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट क्रमांक रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात. मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे. आपल्या घरांत फवारणीची औषधं न्हाणीत, दाराआड पडलेली असतात, ती बारा महिने कुलपात ठेवा. आणि निकाल ज्या दुपारी लागणार असेल, त्या दुपारी घरातलं एक मोठं माणूस वावरात न जाता लेकराजवळ थांबू द्या.